‘वसुली ९९ टक्के’ वाचून खूश होण्याआधी

फायनान्सचं शिक्षण झालंय, बोनसच्या गप्पांचा वीट आलाय, आणि ‘पैसाही मिळावा, गरिबीही हटावी’ अशी एखादी नोकरी शोधताय. मीही तिथूनच आले. मायक्रोफायनान्स म्हणजे गरिबांना दिलेली छोटी कर्जं, गटहमी म्हणजे एकीच्या हप्त्याला सगळा गट जबाबदार, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. ज्या खड्ड्यात माझी दोन वर्षं गेली तेवढा दाखवते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा गटाच्या बैठकीला पाठवलं. त्याआधीची सगळी गरिबी मी एक्सेलमध्येच पाहिलेली. एका सदस्येने पिशवीतून पासबुक काढलं, तर तीन बाहेर आली, तीन वेगवेगळ्या संस्थांची. आमचं तेवढं बाजूला काढून बाकीची दोन तिने घाईघाईने आत सरकवली. आमच्या पासबुकात एकही हप्ता चुकलेला नव्हता, ओळीओळीला सही. परतताना वसुली अधिकारी सहज म्हणाला, “मॅडम, सोमवारवाल्यांकडून उचलायचं, बुधवारवाल्यांना भरायचं, असंच चालतं.” माझ्या शीटमध्ये ती उत्तम कर्जदार होती.

हप्ता वेळेवर आला याचा अर्थ एवढाच की हप्ता वेळेवर आला. तो धंद्याच्या नफ्यातून आला, दुसऱ्या कर्जातून आला, की घरातली वस्तू विकून आला, हे त्या आकड्याला माहीत नसतं. गटात एकीने चुकवला तर बाकीच्यांना भरावा लागतो, म्हणजे शेजारणींची नाराजी हेच तारण. शिवाय गणिताची एक गंमत असते, ती मला कोणत्याही वर्गात शिकवली नव्हती. समजा येणं कर्ज १०० आहे आणि त्यातलं ५ थकलंय: थकबाकी ५ टक्के. वर्षभरात संस्थेने धडाधड नवी कर्जं वाटून येणं २०० वर नेलं आणि थकलेलं ६ झालं, तर थकबाकी ३ टक्के. त्रास वाढला, टक्का उतरला! नवं कर्ज थकायला वेळ लागतो, म्हणून वेगाने वाढणारी संस्था नेहमीच निरोगी दिसते. त्यात जुनं कर्ज नव्या कर्जातून बंद केलं की ती ओळ चक्क स्वच्छ होते. मी अशा स्वच्छ ओळींचे स्लाइड बनवले, खाली ‘सक्षमीकरण’ लिहिलं आणि गुंतवणूकदारांकडून शाबासकी घेतली. अजून लाज वाटते.

हे माझ्या एकटीच्या नशिबी आलं असंही नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स या छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीच्या आयपीओला, म्हणजे पहिल्या शेअर विक्रीला, जवळपास १४ पट मागणी आली. ऑक्टोबरमध्ये कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आंध्र प्रदेश सरकारने अध्यादेश काढून वसुलीवर निर्बंध घातले, आणि इतकी वर्षं डौलाने मिरवलेली तिथली वसुली कोसळली. लोक एका रात्रीत गरीब झाले नव्हते. पुढचं कर्ज मिळेल ही आशा आणि दारात उभा माणूस, हे दोन खांब एकदम गेले. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले अशा छोट्या कर्जांवरचे सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी धंदे थोडे वाढले, पण कुटुंबाच्या उत्पन्नात ठाम वाढ दिसली नाही. कर्ज वाईट असतं असं त्यातून निघत नाही. अडीनडीला ते उपयोगी पडतं. गरिबी हटवण्याचं यंत्र म्हणून ते विकणं, ही मात्र थाप.

दुसरं वाक्य जे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकवतील: “फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही.” मीही ते मान डोलावून ऐकायचे. केनियात मच्छरदाण्यांवर नेमकं हेच तपासलं गेलं, २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला. किंमत शून्यावरून ६० अमेरिकी सेंटपर्यंत नेली तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के बिंदूंनी पडलं. आणि फुकट मिळालेली मच्छरदाणी लोक कमी वापरतात, असं काही आढळलं नाही.

मेंटॉरबद्दल माझं मत कडवट आहे. मोठ्या बँकेत वीस वर्षं काढून आता ‘समाजाची परतफेड करायला’ आलेली मंडळी टाळा. त्यांना प्रत्येक प्रश्न भांडवलाच्या तुटवड्याचाच दिसतो. वीकेंडच्या इम्पॅक्ट सर्टिफिकेटवर पैसे घालू नका, तेवढ्यात चार फेऱ्या फील्डवर होतात. मला सगळ्यात जास्त त्या वसुली अधिकाऱ्याने शिकवलं, आणि त्याचा पगार माझ्या एक तृतीयांश होता.

घाबरवतेय असं वाटलं तर थांबा. तुमचं एक्सेल वाया जात नाही. १२ टक्के फ्लॅट व्याजाचं (म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर लावलेल्या व्याजाचं) मासिक हप्त्यांचं वर्षभराचं कर्ज घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या रकमेवर मोजलं तर २१-२२ टक्क्यांना पडतं, हे बैठकीत उभं राहून सांगू शकणारी माणसं कमी आहेत. अशी माणसं आत हवीतच. सहा महिने गोंधळलात तरी चालेल, मी त्याहून जास्त गोंधळले होते.

मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: एखादीने सलग तीन हप्ते भरले नाहीत, तर चौथ्या हप्त्याच्या दिवशी तिच्या दारात कोण जातं आणि काय बोलतं? मी विचारला होता. उत्तर आलं, “आमच्याकडे तसं होतच नाही.” मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफर लेटरवर सही केली.