राईट गिअरची बुलेट लेफ्टला केली, आता क्लच कसा सेट करायचा?

आमच्या घरची बुलेट ३५० वडिलांनी १९८६ साली घेतलेली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. मुलगा शिकला तो आजकालच्या गाड्यांवर, त्यामुळे घाईत त्याचा उजवा पाय ब्रेक शोधतो. नाशिकच्या त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला एकदा त्याने तसाच जोरात पाय दाबला. या गाडीत पहिला वर आणि बाकीचे तीन खाली, त्यामुळे गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरला गेली. पुढच्या रिक्षाला धडक बसली नाही ती पुढच्या ब्रेकमुळे. त्याच संध्याकाळी गिअर डावीकडे घ्यायचं ठरलं.

काम एका गॅरेजने चार दिवसांत करून दिलं. गिअरबॉक्स तोच चार गिअरचा. मागून एक आडवा रॉड टाकला, डाव्या पायाची हालचाल त्या रॉडवरून उजवीकडे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. ब्रेकसाठी दुसरा आडवा रॉड, कारण मागचा ड्रम डावीकडे आणि पेडल आता उजवीकडे. दिसायला सगळं छान. पण गाडी घरी आणली आणि पहिला टाकला की खाडकन आवाज, दुसरा टाकताना करकर, आणि सिग्नलला न्यूट्रल म्हणाल तर सापडायचंच नाही. मी दोन रविवार आडव्या रॉडच्या दांड्या लांब-आखूड करण्यात घालवले. शेवटी सातपूर एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्या मामांनी गाडी पाहिली, क्लच दाबून किक मारली आणि म्हणाले, "भाऊ, गिअरला कशाला शिव्या देतोस? तुझा क्लचच सुटत नाहीये." म्हणजे लिव्हर दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नव्हतं.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पाना कुठे लावायचा ते कळेल. या बुलेटचा क्लच डावीकडे चेन केसमध्ये बसतो, पण त्याला उचलणारी यंत्रणा उजवीकडे गिअरबॉक्सच्या कव्हरमध्ये असते. हँडलवरचा लिव्हर ओढला की वायर आतल्या आर्मला ओढते, आर्म पुश रॉडला ढकलतो आणि तो रॉड मेन शाफ्टच्या पोकळीतून आरपार जाऊन डावीकडची प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचच्या प्लेटा दाबून धरणारी प्लेट, उचलतो. म्हणजे गिअर बदलाचं काम जिथे चालतं, क्लचची वायर नेमकी तिथेच उतरते. आडवा रॉड धरणारा नवा ब्रॅकेट बसवताना वायर बाजूला होते, कव्हर उघडलं तर आतली सेटिंग हलते, आणि परत जोडताना "वायर टाईट केली, झालं" एवढ्यावर काम उरकलं जातं.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

गाडी बंद ठेवा. एकजण गाडी हळू पुढे-मागे हलवत राहील, दुसरा हाताने गिअरचा लिव्हर एकेक टाकत जाईल. गाडी हलवायची ती आतले दाते एकमेकांत बसावेत म्हणून. उभ्या गाडीत चांगला गिअरबॉक्ससुद्धा अडतो. बंद गाडीत चारही गिअर नीट पडतात आणि इंजिन चालू केलं की करकर होते, असं असेल तर दांड्यांना हात लावू नका, दोष क्लचचा. बंद गाडीतही गिअर अडत असेल किंवा लिव्हर परत मधे येत नसेल, तर दांड्यांकडे बघा.

मामांची परीक्षा याहून सोपी. क्लच पूर्ण दाबून किक मारा. किक इंजिनपर्यंत जाते ती क्लचमधूनच, त्यामुळे क्लच सुटला असेल तर किक हलकी खाली जाते, इंजिन फिरत नाही. कॉम्प्रेशन पायाला लागलं तर प्लेटा अजून चिकटलेल्या आहेत. मात्र डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा पहिल्या दोन-चार किका चांगल्या गाडीलाही जड जातात. त्या सोडून द्या, पाचवी-सहावी किक काय सांगते ते पाहा.

क्लच: आतून बाहेर

इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. बहुतेक लोक हँडलजवळचा अॅडजस्टर फिरवून सुरुवात करतात. तो सगळ्यात शेवटी. आधी आतला स्क्रू, मग गिअरबॉक्सकडचा किंवा मधला अॅडजस्टर, मग हँडल.

गाडी डबल स्टँडवर आणि पूर्ण थंड हवी. गरम इंजिनवर केलेली सेटिंग सकाळी वेगळीच निघते. डावा गिअर लिव्हर आणि आडवा रॉड यांचा गिअरबॉक्सशी असलेला जोड सोडवून ठेवा. यात पाच मिनिटं जातात, पण त्यानंतर तुम्ही फक्त क्लच पाहत असता आणि दोन गोष्टींची गल्लत होत नाही.

आता वायरचा रस्ता पाहा. माझ्या गाडीतला खरा चोर इथेच होता. नव्या ब्रॅकेटला वळसा घालायला वायर आतून घेतली होती, तिला जवळजवळ काटकोनात वळण पडलं होतं. अशा वळणावर आतली तार बाहेरच्या नळीला घासते आणि लिव्हर जड होतो. शिवाय तुम्ही हँडलवर जेवढं ओढता तेवढं खाली पोहोचत नाही, कारण मधेच नळी वाकून ते खाऊन टाकते. वायर मोठ्या, ऐसपैस वळणाने उतरली पाहिजे. सायलेन्सरला आणि सिलिंडरला टेकू नये, आडव्या रॉडच्या फिरणाऱ्या भागात येऊ नये. हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून पाहा, वायर ताणली जाता कामा नये. जुन्या वायरचा रस्ता बदलला असेल तर सरळ नवीन वायर टाका. जुन्या वळणाची सवय लागलेली वायर नव्या वळणावर तुटते, आणि तुटते ती नेमकी द्वारका सर्कलच्या गर्दीत. बसवण्याआधी वायरमध्ये पातळ तेल वरून सोडा, खालच्या टोकाला थेंब येईपर्यंत.

दोन्ही अॅडजस्टर पूर्ण आत फिरवून वायर ढिली करा. ती लोंबली पाहिजे. मग गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरचं छोटं झाकण उघडा. आत एक स्क्रू आणि त्यावर लॉकनट दिसेल, हाच पुश रॉडला भिडणारा स्क्रू. लॉकनट ढिला करा आणि स्क्रू दोन बोटांच्या जोराने हळूहळू आत फिरवत जा. एका जागी तो हलकेच टेकल्यासारखा वाटेल. तिथे थांबा. आणखी जोर लावलात तर तुम्ही क्लचच्या स्प्रिंगा दाबायला लागाल आणि मग सगळा अंदाज फसेल. टेकल्यापासून साधारण अर्धा फेरा मागे घ्या. स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू जागेवर धरून पान्याने लॉकनट कसा. नट कसताना स्क्रू सोबत फिरतो, हे दर वेळी होतं, म्हणून कसून झाल्यावर आर्म हाताने हलवून पुन्हा पाहा. थोडासा मोकळेपणा जाणवला पाहिजे.

तो मोकळेपणा कशासाठी? तो नसेल तर स्प्रिंगांचा थोडा जोर कायम पुश रॉडवर राहतो. प्लेटांवर पूर्ण दाब येत नाही, क्लच स्लिप मारायला, म्हणजे घसरायला लागतो, आणि रॉडचं टोक न थांबता घासून निळं पडतं. उलट मोकळेपणा जास्त झाला तर लिव्हरची निम्मी हालचाल ती पोकळी भरण्यातच जाते, प्लेट पुरेशी उचलली जात नाही आणि तीच करकर सुरू होते.

स्क्रू लागला की गिअरबॉक्सकडचा किंवा मधला अॅडजस्टर घ्या. वायरला १.५ ते २ मिलीमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवा. जुन्या इंग्रजी मापात १/१६ इंच, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा. हँडलवरचा अॅडजस्टर जवळजवळ पूर्ण आतच राहू द्या, तो रस्त्यात उपयोगी पडतो. लिव्हर सुरुवातीला थोडा रिकामा जाईल आणि मग भार लागेल, ही जाणीव बोटांना व्हायलाच हवी. लिव्हर ओढल्या ओढल्या भार लागत असेल तर प्ले कमी आहे.

एवढं करूनही किकच्या परीक्षेत नापास झालात तर चेन केस उघडावी लागेल. बाहेरचं कव्हर मधल्या एका नटवर असतं, पण डावा फुटरेस्ट काढावा लागतो, आणि आता नवा गिअर लिव्हरही काढावा लागेल. लिव्हर काढण्याआधी शाफ्ट आणि लिव्हरवर खडूने एकच रेघ मारा, नाहीतर परत बसवताना एक दाता इकडे-तिकडे होतो. कव्हर उघडलं की मदतनिसाला क्लच दाबायला सांगा आणि प्रेशर प्लेट समोरून पाहा. ती सगळीकडून सारखी उचलली पाहिजे. एका बाजूने आधी उचलत असेल तर स्प्रिंगांचे स्क्रू कमी-जास्त कसलेले आहेत. परत बांधताना तेल लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच. जास्त तेलाने क्लच सुधारत नाही, उलट बिघडतो.

मग दांड्या

आता सोडवलेला जोड परत लावा. गाडी न्यूट्रलमध्ये हवी. डावीकडचा आर्म, उजवीकडचा आर्म आणि मधली दांडी यांत शक्यतो काटकोन यावा. आर्म आधीच कलंडलेला असेल तर एका दिशेला हालचाल जास्त होते आणि दुसऱ्या दिशेला अपुरी पडते, मग पहिला पडतो पण दुसरा हुलकावणी देतो. दांडीच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतील तर दांडी न काढताच लांबी बदलता येते. दोन्ही टोकांचे लॉकनट मात्र विसरू नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे परतीची हालचाल. गिअर टाकून पाय उचलला की लिव्हर स्वतःहून मधे यायला हवा. आतला खटका पुढचा दाता तेव्हाच पकडतो. आडव्या रॉडच्या बुशात, म्हणजे रॉड ज्या नळीत फिरतो तिच्यात, रंग किंवा माती असेल, किंवा ब्रॅकेट किंचित वाकडा कसला असेल, तर आतली बारीक स्प्रिंग एवढा लांब रॉड परत ओढू शकत नाही. मग एक गिअर पडतो आणि पुढच्या वेळी लिव्हर रिकामा हलतो. रॉड हाताने फिरवून पाहा, नळाच्या चावीसारखा नाही, घड्याळाच्या काट्यासारखा हलका फिरला पाहिजे. बुशाला ग्रीस द्या. त्याच वेळी बॉल जॉइंट आणि बुशातला खुळखुळाटही तपासा, कारण प्रत्येक जोडातला थोडा थोडा प्ले पायापर्यंत येईस्तोवर बोटभर होतो.

उजवीकडचा आर्म खाली आहे की वर, यावर गिअरची दिशा ठरते. दोन्ही टोकांचे आर्म एकाच दिशेला असतील तर जुनीच पद्धत राहते, पहिला वर. एक आर्म उलटा असेल तर पहिला खाली, आजच्या गाड्यांसारखा. मुलासाठी बदल करत असाल तर दुसरीच पद्धत घ्या. पाय बदलला आणि दिशा जुनीच ठेवली, तर गोंधळ अर्धाच मिटतो.

न्यूट्रल फाइंडरबद्दल एक आग्रह. नव्या ब्रेक पेडलला आडवा येतो म्हणून गॅरेजवाले तो काढून टाकायला सांगतात. काढू नका. थोडा वाकवून जागा होते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमधून क्लच दाबून टाचेने थेट न्यूट्रल, ही सोय या गाडीने दिलेली आहे, ती का घालवायची?

रस्त्यावर

बाहेर पडण्याआधी नवा ब्रेक सोसायटीच्या आवारातच दहा वेळा दाबून पाहा. मग सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत गंगापूर रोड. सोमेश्वरपर्यंत जा, चारही गिअर वर-खाली करत, घाई न करता. इथे करकर नसेल तर पाथर्डी फाट्याकडे, मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर. चढावर चौथ्या गिअरला असताना पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच स्लिप मारतोय, प्ले वाढवा.

खरी परीक्षा गरम गाडीची. संध्याकाळी मुंबई नाका ते द्वारका जा, ही दोन किलोमीटर काय घेतील सांगता येत नाही. पंधरा-वीस वेळा थांबल्यावरही न्यूट्रल हलकेच सापडलं आणि पहिला खाडकन न पडता टकदिशी पडला, तर सेटिंग बसली. गरम झाल्यावर लिव्हरचा प्ले थोडा बदलतो, तो हँडलच्या अॅडजस्टरने घ्या. आतल्या स्क्रूला रस्त्यात हात नको.

नवी वायर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये ताणते, म्हणून तेवढ्यानंतर प्ले पुन्हा मोजा. पावसाळ्यानंतरही एकदा, कारण वरच्या टोकातून पाणी आत जातं. आणि गाडीला जो जो हात लावतो त्याला पाय बदलल्याचं सांगा. आम्ही टाकीवर चिठ्ठी चिकटवली आहे. वडिलांनी ती वाचली, चाळीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय गिअरसाठी वर उचलला आणि ब्रेक पेडलवर आपटला. हल्ली ते मागे बसतात.