बोल्ट गॅल्वनायझिंगमध्ये नवीन लागताय? आधी बोल्टचं डोकं वाचायला शिका

मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा, आयटीआय झालेली नवीन पोरं येतात आणि आल्या आल्या विचारतात सर कोटिंग (म्हणजे बोल्टवरचा जस्ताचा थर) किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) पाहिजे. अरे बाबांनो, आधी बोल्टच्या डोक्यावर ४.६ लिहिलंय का ८.८ का १०.९ ते तर बघा, पुढचं सगळं त्यावरच ठरतं. ८.८ म्हणजे साधारण ८०० एमपीएला (एमपीए म्हणजे ताण मोजायचं एकक) तुटणार आणि त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, कायमचा ताणायला लागणार.

आता हे कोटिंगवाल्याला कशाला पाहिजे? तर गंज काढायला आपण माल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकतो, तिथं हायड्रोजन स्टीलच्या आत शिरतो आणि जास्त ताकदीचं स्टील त्यानं ठिसूळ होतं. मऊ ४.६ ला काही होत नाही, ८.८ पण सहसा निभावतं, पण १०.९ ला ॲसिड शक्यतो टाळून शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून गंज काढणं) करायचं आणि १२.९ हॉट डिपला (वितळलेल्या जस्तात बुडवायला) घ्यायचाच नाही. असा हायड्रोजन शिरलेला बोल्ट टाइट करताना नीट असतो आणि नंतर कधीतरी, काही तासांनी नायतर दिवसांनी, लोडखाली अचानक तुटतो. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्कीत असं झालं तर काय होईल याचा विचार करा, म्हणून मी यावर एवढा हट्ट धरतो.

बाकी प्रोसेस आठवड्याभरात कळते. तेल काढा, धुवा, ॲसिड, परत धुवा, फ्लक्स (जस्त नीट चिकटावं म्हणून लावायचं रसायन), वाळवा आणि मग बाथ, म्हणजे वितळलेल्या जस्ताची टाकी. जस्त ४१९ डिग्रीला वितळतं, बाथ ४५० च्या आसपास ठेवतात. बास्केट बाहेर आली की लगेच सेंट्रीफ्यूजला (गरगर फिरवून जादा जस्त उडवणाऱ्या मशीनला) गेली पाहिजे, तिथं रेंगाळलात की आट्यात जस्त गोठलं म्हणून समजा, आणि मग आटे तपासायचं गेज काही जात नाही. इलेक्ट्रोप्लेटिंग (विजेनं जस्त चढवणं) ५ ते १२ मायक्रॉनचं, घरातल्या, कोरड्या जागेला ठीक आहे, पण टॉवर, पूल असल्या उघड्यावरच्या कामाला हॉट डिपच, त्यात ४०-५० मायक्रॉन मिळतात.

बोल्ट-नटांचं भारतीय मानक आयएस १३६७, त्याचे भाग ३ आणि १३ बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) साइटवर मिळतात, ते वाचूनच इंटरव्ह्यूला या. नटाच्या आतल्या आट्यांवर जस्त का नसतं हे मी तरी विचारतोच. बोल्ट कोटिंगनं जाड होतो म्हणून नटाचे आटे डिपिंगनंतर थोडे मोठे पाडतात आणि त्यांना बोल्टवरचंच जस्त सांभाळतं, त्यामुळं तो नट रिजेक्ट करायचा नाही.