ऑनलाइन चेसमध्ये रेटिंग घसरायला लागलं की काय करायचं

सलग पाच डाव हरलात म्हणून तुमचा खेळ बिघडला असं होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. ड्रॉ सोडून दिले आणि तुम्ही बरोबरीच्या लोकांशीच खेळताय असं धरलं, तर 100 डावांत कुठेतरी सलग पाच हार येण्याची शक्यता 80 टक्क्यांच्या आसपास असते, साधं नाणेफेकीचं गणित आहे. रेटिंग म्हणजे तुमच्या खेळाची ताकद दाखवणारा आकडा, त्यातले एका डावाला साधारण 6 ते 8 पॉइंट धरले तर पाच डावांत 30-40 गेले. ते येतात परत. खरा खड्डा पडतो त्याच्यानंतर, डोकं तापलेलं असताना आता एक जिंकूनच झोपणार म्हणत रात्री साडेबाराला 3 मिनिटांचे ब्लिट्झ सुरू होतात ना, तेव्हा.

म्हणून नियम एकच आणि तो कडक पाळायचा, लागोपाठ दोन हरलात की त्या दिवशी रेटेड डाव, म्हणजे ज्यात रेटिंग वर-खाली होतं ते, बंद. पझल सोडवा, लीचेस या चेसच्या साइटवर ती हवी तेवढी फुकट आहेत. आणि आकडा बघून बघूनच जीव खाली-वर होत असेल तर लीचेसच्या सेटिंगमध्ये रेटिंग दाखवणंच बंद करता येतं, करून बघा, खेळताना खूप मोकळं वाटतं.

आपल्या गोव्यातच 2025 च्या नोव्हेंबरात वर्ल्ड कप झाला तेव्हा काय झालं आठवा. गुकेश विश्वविजेता, पहिलं मानांकन, आणि तिसऱ्याच फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरून बाहेर. प्रज्ञानंद चौथ्या फेरीत बाहेर गेला. शेवटी जिंकला उझबेकिस्तानचा सिंदारोव, वय 19. एवढ्या वरच्या लोकांना असे दिवस येतात मग आपल्या 1200 रेटिंगवाल्याला महिन्यातून दोनदा येणारच की.

आता टाइम कंट्रोल, म्हणजे डावाला किती वेळ. 1000-1200 च्या आसपास असाल तर 15+10 खेळा, म्हणजे 15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद वाढीव. वेळ लागतो, एका बैठकीत दोनच डाव होतात, पण विचार करायची सवय यानेच लागते, बुलेटने, म्हणजे मिनिट-दोन मिनिटांच्या डावांनी नाही. कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये, बसून रेटेड डाव लावू नका हो, एक खड्डा आला की बोट भलत्याच घरावर पडतं आणि वजीर फुकट. खेळायचंच असेल तर चाल कन्फर्म करायचं सेटिंग चालू ठेवा. पावसाळ्यात लाइट गेली की वायफायही जातं आणि घड्याळ मात्र चालूच राहतं, त्यामुळे डाव सुरू करायच्या आधी मोबाइलचा डेटा हाताशी आहे ना ते बघून घ्या.

हरलेला डाव बघायचा कसा, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. डाव संपला की लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लावू नका. आधी स्वतः एकेक चाल मागे जा आणि कुठे पोटात गोळा आला ती जागा शोधा, मग तिथे समोरच्याची धमकी काय होती ते शब्दात सांगा. उदाहरण घ्या (ई4, सी6 ही पटावरच्या घरांची नावं), पांढऱ्याचं प्यादं ई4, तुमचं ई5, त्याचा उंट सी4 ला, तुमचा घोडा सी6 ला, मग त्याचा वजीर थेट एच5 वर. इथे घाईत दुसरा घोडा एफ6 ला काढून वजिरावर हल्ला केला की वजीर एफ7 वर आणि मात, खेळ खलास. त्याऐवजी प्यादं जी6 ला ढकला. वजीर एफ3 ला सरकेल, पुन्हा एफ7 कडेच डोळा, आणि आता घोडा एफ6 ला आणा, वाट बंद. घोडा तोच, घर तेच, फक्त एक चाल आधी आला तर तुम्ही मेलात. तुमचे बरेचसे डाव असेच जात असणार, ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ नसल्यामुळे नाही तर समोरच्याने आत्ता काय धमकी दिली हे न बघितल्यामुळे. हे सगळं झाल्यावर मग इंजिन लावा.

ओपनिंगचे व्हिडिओ कमी करा, पांढऱ्याने एक आणि काळ्याने दोन ओपनिंग पुरे. तो वेळ राजा-प्याद्याच्या एंडगेमला, म्हणजे डावाच्या शेवटच्या भागाला द्या. हातात एक प्यादं जास्त असून डाव ड्रॉ सुटतो तेव्हा जे दुखतं ते टाळायचं असेल तर समोरासमोरचे राजे, म्हणजे अपोझिशन, हे आलंच पाहिजे.

आणि फोंड्याला, म्हापशाला, मडगावला कुठे जवळपास ओपन स्पर्धा असेल तर जाच. फक्त त्याआधी घरात कोणालातरी समोर बसवून खऱ्या पटावर चार डाव खेळून घ्या, कारण स्क्रीनवर सहज दिसणारा लांब कोपऱ्यातला उंट पटावर दिसत नाही, आणि तिथे सोंगटीला हात लावला की तीच हलवावी लागते.