खाऱ्या हवेत पॅचबे निवडताना
रत्नागिरी-मालवणसारख्या किनाऱ्यावर घरगुती स्टुडिओसाठी पॅचबे (सगळ्या उपकरणांच्या तारा एका जागी आणून हव्या तशा जोडण्याची, जॅक म्हणजे प्लगच्या खाचा असलेली पट्टी) घेताना जॅकच्या संख्येपेक्षा आतील संपर्कपट्ट्यांकडे आधी पाहावे, कारण दमट, खारी हवा त्यांच्यावर हळूहळू थर चढवते आणि प्लग न लावताही आवाज पुढे नेणारी ‘नॉर्मल’ जोडणी बहुधा सर्वांत आधी दगा देते. माझ्याकडे एका पावसाळ्यात डावी बाजू अशीच मुकी झाली. प्लग चारदा आत-बाहेर केल्यावर आवाज परतला, तेव्हा दोष कळला. म्हणून सोन्याचा मुलामा असलेले संपर्क आणि सुटे करून साफ करता येणारे जॅक यांसाठी थोडे जास्त पैसे जरूर मोजावेत. पाव इंची टीआरएस (तीन संपर्कांच्या प्लगच्या) पॅचबेमधून माइकचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे आवाजाच्याच तारेतून माइकला दिली जाणारी वीज, मात्र नेऊ नये. प्लग सरकवताना तो क्षणभर शॉर्ट होऊ शकतो.