मांजर पाणी पीत नाही? या चुका टाळा

आमच्या बोक्याची पाण्याची वाटी संध्याकाळपर्यंत भरलेलीच असायची. तहान नसेल, असं मी धरून चालले. मग एका मे महिन्यात तो शी-शूच्या ट्रेमध्ये बसून नुसता कण्हू लागला, लघवीचे दोन थेंबही धड येईनात. तेव्हापासून मी त्याच्या पाण्याकडे नीट बघायला शिकले.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. शिकारीच्या मांसातूनच त्यांना बहुतेक पाणी मिळायचं, म्हणून मांजराला तहान मुळातच कमी लागते. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम 10 टक्के, वेट फूडमध्ये 75 ते 80 टक्के. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून साधारण 200 मिली पाणी लागतं. फक्त सुके दाणे घालून वाटीच्या भरवशावर राहणं, ही सगळ्यात मोठी चूक. एक वेळचं तरी ओलं खाणं द्या, नाहीतर दाण्यांवर कोमट पाणी घाला.

दुसरी चूक जागेची. खाण्याला खेटून किंवा ट्रेजवळ ठेवलेलं पाणी बऱ्याच मांजरांना नको असतं. आमच्याकडे वाटी स्वयंपाकघरातून उचलून खिडकीखाली नेली आणि तो त्याच दिवशी प्यायला. खोल वाटीत मिश्या कडांना घासतात, तेही काहींना खपत नाही. पसरट स्टीलचा किंवा चिनी मातीचा वाडगा घ्या. प्लास्टिकला वास धरतो. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, रोज भांडं घासून ताजं भरा. नळाची धार आवडत असेल तर पाण्याचं छोटं कारंजं आणा.

पाण्याऐवजी दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब लागले की अंगातलं पाणी आणखी कमी होतं. चिकन नुसतं उकडून त्याचं पाणी गार करून द्या. पण आपल्यासाठी केलेलं मटणाचं अळणी त्याला चाटवू नका, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजराला विषारी आहे. सिरिंजने बळेच पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

बोका लघवीसाठी जोर करतोय आणि काहीच येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उलट, मांजर अचानक खूप पाणी पिऊ लागलं तरी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो.