हट्ट, अभ्यास आणि घरातला मृत्यू : मुलांना सावरताना पालकांनी स्वतःचे काय करावे

मुले कशी सांभाळावीत याविषयीचे बहुतेक सल्ले फक्त मुलाकडे पाहून दिलेले असतात. मुलाशी काय बोलावे, त्याला काय द्यावे, काय देऊ नये, याची लांबलचक यादी पालकाच्या हाती पडते. पण ती अमलात आणणारा माणूस दिवसभर नोकरी करून, लोकलमध्ये उभ्याने तास काढून, घरात पाऊल टाकताच कुकर लावणारा आहे, हे त्या यादीत कुठेच धरलेले नसते. या लेखात रोजच्या दोन कटकटी आणि एक मोठा आघात असे तीन प्रसंग घेतले आहेत. प्रत्येक ठिकाणी मुलासाठी काय करावे हे सांगताना मोठ्या माणसाने स्वतःचे काय करावे हेही सांगितले आहे, कारण मोठ्याचाच तोल गेलेला असेल तर चांगल्यातला चांगला उपायही त्या वेळी लागू पडत नाही.

हट्ट आणि आदळआपट

साधारण दीड ते चार या वयात मूल जमिनीवर लोळण घेते, हातातली वस्तू फेकते, कधी चावतेही. या वयात आपल्याला काय हवे हे मुलाला पक्के कळलेले असते, मात्र ते सांगायला शब्द पुरत नाहीत. शिवाय आवेग आवरण्याचे काम करणारा मेंदूचा भाग विशी उलटेपर्यंत घडत असतो, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाकडून तो संयम मागण्यात अर्थ नसतो. ‘मुद्दाम करतोय’ हा समज आधी बाजूला ठेवावा. पालकाचा निम्मा राग त्या समजातून येतो.

समजा, औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या बरणीतली चॉकलेटे पाहून मुलाने आकांत मांडला आहे, मागे रांग आहे आणि रांगेतले दोघे-तिघे आपल्याकडे पाहत आहेत. अशा वेळी पालक सहसा मुलापेक्षा त्या बघणाऱ्यांना उत्तर देत असतो आणि त्यातूनच धपाटा किंवा चॉकलेट यांपैकी एक काहीतरी निघते. त्याऐवजी मुलाला घेऊन दुकानाच्या बाहेर कडेला यावे, उकिडवे बसून त्याच्या उंचीला यावे आणि एकदाच, खालच्या आवाजात सांगावे, ‘‘तुला ते हवं होतं. आज घ्यायचं नाहीये. मी इथेच आहे.’’ त्यानंतर समजावणे, आमिष दाखवणे, पोलिसाची किंवा बुवाची भीती घालणे, यांतले काहीही करू नये. रडण्याच्या भरात असलेल्या मुलाच्या कानावर लांब वाक्ये नुसती आदळतात. भर ओसरला की जवळ घ्यावे, पाणी द्यावे आणि ठरलेली खरेदी पुरी करून घरी यावे; चॉकलेट मात्र तेव्हाही घेऊ नये, कारण रडून मिळाले हा हिशेब मूल फार लवकर शिकते.

काही मुले रडता रडता श्वास कोंडून धरतात, ओठ निळसर पडतात, क्वचित क्षणभर शुद्धही हरपते. पालकांच्या पोटात गोळा आणणारा हा प्रकार सहा महिने ते सहा वर्षे या वयात दिसतो आणि बहुधा मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. मुलाला कुशीवर निजवावे. हलवू नये, तोंडात पाणी घालू नये. पहिल्यांदा असे झाल्यावर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. शरीरात लोह कमी असल्यास हा प्रकार अधिक वेळा होऊ शकतो, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगू शकतात. मिनिटभरात श्वास परतला नाही किंवा झटके येऊ लागले, तर थांबू नये, रुग्णालय गाठावे.

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण येते. आई ‘नाही’ म्हणते आणि आजी ‘असू दे गं, लेकरू आहे’ म्हणत तीच वस्तू हातात ठेवते. यावर मुलासमोर वाद घालण्यात हशील नाही. घरातल्या सर्वांनी निवांत वेळी बसून मोजक्याच गोष्टी पक्क्या कराव्यात: मारायचे नाही, जेवणाआधी गोड नाही, झोपायची वेळ अमुक. बाकीच्या बाबतींत आजी-आजोबांना लाड करू द्यावेत, तो त्यांचा हक्कच आहे. वीस नियम करून एकही न पाळण्यापेक्षा हे बरे.

आता पालकाच्या रागाविषयी. हात उठण्याच्या आधी शरीर सूचना देते: जबडा आवळला जातो, आवाज चढतो, एकच वाक्य आपण पुन्हा पुन्हा बोलू लागतो. ती सूचना ओळखून मुलाला सुरक्षित जागी ठेवावे, घरात दुसरे कोणी असेल तर त्याच्या हवाली करावे, स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारावे आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत दहा-बारा श्वास घ्यावेत. तरीही कधी हात उठलाच, तर शांत झाल्यावर मुलापाशी जाऊन स्पष्ट म्हणावे, ‘‘मी तुला मारलं, ते चुकलं. तुझ्यामुळे नाही, माझा राग मला आवरला नाही.’’ त्याला जोडून ‘पण तू तरी असं का वागलास’ हे शेपूट लावू नये. माफी मागितल्याने पालकाचा वचक जातो, हे मला पटत नाही. चुकल्यावर काय करायचे असते हे मूल त्यातूनच शिकते. शाळेत शिक्षकांनी मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे आणि असे काही घडले की आपणच तावातावाने मुख्याध्यापकांकडे जातो. घरी मात्र तीच गोष्ट ‘वळण’ या नावाखाली खपून जाते.

अभ्यास आणि मोबाइल

शाळेतून आल्या आल्या दप्तर उघडायला लावणे, हे संध्याकाळ बिघडण्याचे पहिले कारण असते. आधी खाणे, मग निदान अर्धा तास बाहेर खेळणे आणि त्यानंतर ठरलेल्या जागी अभ्यास, हा क्रम बहुतेक मुलांना मानवतो. पालकाने शेजारी बसावे, पण भाजी निवडत किंवा हिशेब लिहीत. मुलाच्या वहीवर सतत नजर ठेवू नये आणि त्याच्या हातातली पेन्सिल स्वतःच्या हातात घेऊ नये. ठरलेली वेळ संपली की गृहपाठ अर्धा राहिला तरी थांबावे आणि तसे शाळेच्या डायरीत लिहून द्यावे. रात्री साडेदहाला रडत लिहिलेल्या पाढ्यांतून काही लक्षात राहत नाही, उलट दोघांचेही मन आंबते.

तोंडी उत्तरे फटाफट देणारे मूल दुसरी-तिसरीत गेले तरी अडखळत वाचत असेल, काना-मात्रा सतत गाळत असेल, फळ्यावरचे उतरवताना शब्दच्या शब्द सोडत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी शाळेच्या समुपदेशकांशी किंवा बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. यामागे अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही वाचणे-लिहिणे जड जाणे, असू शकते. तिचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात केलेला आहे आणि रीतसर प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. तपासणी जितकी लवकर होईल, तितकी मुलाची रोजची बोलणी वाचतात.

मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली शिफारस अशी आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसातून एक तास ही कमाल मर्यादा मानावी, त्याहून कमी तर उत्तमच. मोबाइलशिवाय घास न घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र एकदम सगळे बंद करायला गेले की घरात रणकंदन होते. सुट्टीच्या दिवशीचे दुपारचे जेवण, असे एकच जेवण आधी निवडावे; ताट सर्वांबरोबर वाढावे आणि मुलाने अर्धे टाकले तरी मागे लागू नये. निरोगी मूल एखाददुसऱ्या वेळी कमी जेवल्याने खंगत नाही. मोठ्यांचे फोनही त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावेत, हे वेगळे सांगायला नको.

घरात कोणी गेल्यावर

रोजच्या हट्टाला निदान उद्याचा दिवस असतो. आजोबा, आजी किंवा आई-वडिलांपैकी कोणी गेले की त्याच दिवशी, फार विचार करायला सवड नसताना, मुलाला काहीतरी सांगावे लागते. त्या गडबडीत मुलाला शेजाऱ्यांकडे धाडले जाते आणि विचारलेच तर ‘आजोबा देवाघरी गेले’, ‘गावाला गेलेत’, ‘झोपलेत’ असे उत्तर मिळते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मृत्यू कायमचा असतो हे उमगलेले नसते आणि ऐकलेला शब्द ती जसाच्या तसा घेतात. मग ‘झोपलेत’ ऐकलेले मूल रात्री झोपायला घाबरते आणि ‘गावाला गेलेत’ ऐकलेले मूल महिनाभर दारात वाट पाहते.

म्हणून मुलाच्या सर्वांत जवळच्या माणसाने त्याला मांडीवर किंवा शेजारी घेऊन साध्या शब्दांत सांगावे, ‘‘आजोबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत.’’ घरातली श्रद्धा असेल तर ‘आपण मानतो की ते देवापाशी आहेत’ हे त्यानंतर जोडावे, पण शरीराचे काय झाले ते आधी सांगावे. आजारपणातून मृत्यू आला असेल, तर तो आजार साध्या सर्दी-तापापेक्षा वेगळा होता, हेही सांगावे. नाहीतर पुढे आईला ताप आला की मूल हादरते.

मूल लगेच खेळायला पळाले, तर त्याला दगडाच्या काळजाचे समजू नये. मुले दुःख तुकड्या-तुकड्यांनी पेलतात. घटकाभर रडणे, मग खेळ, आणि रात्री अचानक प्रश्न. ‘मी त्यांच्याशी भांडलो म्हणून ते गेले का?’ हा प्रश्न कित्येक मुलांच्या मनात असतो आणि ती तो बोलून दाखवतातच असे नाही. त्यामुळे त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगून टाकावे, ‘‘तू काही बोललास, काही केलंस, म्हणून हे झालेलं नाही.’’

अंत्यदर्शनाला मुलाला न्यावे की नाही, यावर घरात मतभेद होतात. साधारण सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला तिथे काय दिसेल, कोण रडत असेल, शरीर कसे झाकलेले असेल, हे आधी सांगून मगच विचारावे आणि ते नको म्हणाले तर आग्रह करू नये. बरोबर येणाऱ्या मुलासाठी कर्मात न गुंतलेले एक मोठे माणूस नेमून द्यावे, म्हणजे मूल मध्येच बाहेर येऊ शकते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत सगळे उभे असतात आणि आजूबाजूची कुजबूज मुलाच्या कानावर पडत असते. ‘कावळा शिवला नाही, म्हणजे आजोबा माझ्यावर रागावलेत का?’ असे कोणी विचारले, तर हसण्यावारी न नेता, ही मोठ्यांची एक रीत आहे आणि त्यात तुझा काही दोष नाही, एवढे उत्तर द्यावे.

वडील गेलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हणणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक घरी येतो. त्याला तिथल्या तिथे, नम्रपणे पण मुलाच्या देखत अडवावे, ‘‘काका, घर मी बघणार आहे. तो अजून लहान आहे.’’ मुलींच्या वाट्याला हेच ओझे ‘आता आईला सांभाळ’ या शब्दांत येते.

तेरा दिवस सरले की मुलाला शाळेत पाठवावे आणि वर्गशिक्षकांना आधी कळवून ठेवावे. जेवण, झोप, शाळा हे वेळापत्रक जितके पूर्वीसारखे राहील, तितका मुलाला धीर येतो. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, पोटदुखी, चिकटून राहणे, हे काही आठवडे चालू शकते. ते महिनोन्महिने टिकले, मूल शाळेत जायलाच तयार नसेल, किंवा आपणही मरावे असे म्हणू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शेवटच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये.

या सगळ्यात पालक स्वतः शोकात असतो. मुलांसमोर रडू नये, असे बायाबापड्या बजावतात, पण ‘मला बाबांची आठवण आली म्हणून रडू आलं, थोड्या वेळाने बरं वाटेल’ असे सांगून रडलेले मुलाला समजते. दार लावून रडलेले मात्र त्याला भिववते. भेटायला येणारे ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, तेव्हा ‘नाही, काही नको’ म्हणण्याऐवजी नेमके काम सांगावे: मंगळवारी मुलीला क्लासला सोडा, दोन दिवस रात्रीची पोळी-भाजी आणा, बँकेत माझ्याबरोबर चला.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, मुलांचा आवाजही सहन होईना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मदत मागावी. हे शोकाशिवाय, नुसत्या थकव्यातून किंवा बाळंतपणानंतरही घडते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशकांशी बोलता येते. फोन करण्याआधी मनात जुळवाजुळव करण्याची गरज नसते. ‘झोप येत नाही आणि मुलांवर सारखी चिडचिड होते’ एवढे सांगितले, तरी पुढचे प्रश्न समुपदेशकच विचारतात आणि गरज असेल तर जवळच्या डॉक्टरांकडे पाठवतात.