सड्यावरच्या फुलासाठी छोटं अनुदान कसं मागायचं

मी राजापूर तालुक्यातली. आमचा लहानसा गट सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवरच्या, वनस्पतींचं काम करतो. पावसाळ्यात बरीच मुलं-मुली विचारायला येतात. कुणाला खवल्या मांजरासाठी काही करायचं असतं, कुणाला धनेशाच्या ढोलीची झाडं वाचवायची असतात. पैसे कुठून आणायचे, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

अर्जाला हात लावण्याआधी एक जीव, एक जागा आणि एक हंगाम ठरवा. ‘कोकणातील जैवविविधतेचे संवर्धन’ अशा नावाचा अर्ज छोटं अनुदान देणारा वाचून बाजूला ठेवतो, कारण तेवढ्या पैशांत ते होणार नाही हे त्याला कळतं. त्याऐवजी असं लिहा: ‘राजापूर तालुक्यातल्या तीन सड्यांवर दिपकाडी ही पावसाळी फुलांची वनस्पती किती उरली आहे ते मोजायचं, कुठल्या भागात चिरेखाण किंवा कलमांची लागवड येऊ घातली आहे ते नकाशावर आणायचं आणि निदान एका सड्याचा काही भाग तसाच ठेवायला मालकांना राजी करायचं.’ वाचणाऱ्याला काम दिसलं पाहिजे आणि वर्षअखेरीस ते झालं की नाही हे तपासता आलं पाहिजे.

दिपकाडीचं उदाहरण घेतलं कारण ती मला जवळची. शास्त्रीय नाव दिपकाडी कोंकणेन्स, आणि ही फक्त कोकणपट्टीतली. उन्हाळ्यात सड्यावर गेलात तर काळा तापलेला कातळ आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही. पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की कातळाच्या खोबणीतल्या बोटभर मातीतून पानं वर येतात आणि त्यांच्यामधून पांढऱ्या, लांबट नळीच्या फुलांचा दांडा निघतो. गुरं घेऊन सड्यावर येणाऱ्या एका आजींनी मला सांगितलं होतं, “मिरग लागलो की येतत, आषाढीपर्यंत रवतत, मगे काय नाय.” नंतर दिपकाडीचा कांदा, म्हणजे कंद, जमिनीखाली पुढच्या मिरगाची (मृग नक्षत्राची) वाट बघत राहतो. सातबाऱ्यावर हीच जमीन पोटखराब म्हणून लागलेली असते. कागदावर पड, म्हणून सुरुंग लावून खड्डे पाडायला आणि बाहेरची माती आणून भरायला कुणाला काही वाटत नाही. हे सगळं अर्जात आलं पाहिजे. धोका नेमका काय, कुणाकडून आणि का, हे जो नीट लिहितो त्याचा अर्ज तिथेच वेगळा पडतो.

आता पैसे देणारे. ब्रिटनमधली रफर्ड फाउंडेशन तरुण संवर्धकांना छोटी अनुदानं देते. पैसा मुख्यतः प्रत्यक्ष रानातल्या कामावर खर्च व्हावा, अशी त्यांची अपेक्षा असते. परिषदेला जाण्यासाठी किंवा निव्वळ प्रबंधासाठी तिथे अर्ज करू नका. तुम्हाला ओळखणाऱ्या तीन जाणकारांची शिफारस लागते. त्यांच्या संकेतस्थळावर आधीच्या प्रकल्पांचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत. अर्ज लिहिण्याआधी भारतातले पाच-सहा अहवाल बसून वाचाच, निम्मं शिक्षण तिथेच होतं. अबुधाबीचा मोहम्मद बिन झायेद प्रजाती संवर्धन निधी एकेका प्रजातीसाठी 25,000 डॉलरपर्यंत देतो, प्राण्यांसाठी तसाच वनस्पती आणि बुरशीसाठीही. आयडिया वाइल्ड ही अमेरिकेतली संस्था रोख रकमेऐवजी साधनं देते: दुर्बीण, कॅमेरा, जीपीएस. पक्ष्यांचं काम असेल तर ब्रिटनमधल्या ओरिएंटल बर्ड क्लबकडेही छोटा संवर्धन निधी असतो.

पण परदेशी पैशाचं नाव काढलं की विदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, आधी समजून घ्यावा लागतो. अर्ज मंजूर झाल्यावर याचा विचार करणारे इथेच अडकतात. ठरावीक सामाजिक किंवा शैक्षणिक कार्यक्रमासाठी परदेशातून पैसे घ्यायचे तर नोंदणी लागते, नाहीतर केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी. वस्तूरूपात आलेली मदतही या कायद्यात मोजली जाते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने आपल्या कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. गावातल्या चार जणांच्या मंडळाला ते जमणारं नाही. 2020च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणून सरळ वाट एकच: नोंदणी असलेल्या संस्थेशी आधी बोला आणि प्रकल्प त्यांच्याच नावाने, त्यांच्याच हिशेबात चालवा. तुम्ही त्यांचे प्रकल्प प्रमुख. कुठल्या खर्चाचं बिल कसं हवं, पैसे किती दिवसांत हातात येतील, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. कुणी म्हणालं, “आमच्या खात्यात येऊ दे, मग तुम्हाला वळते करू,” तर तिथे थांबा.

हे नको असेल तर देशातला पैसा बघा. कंपनी कायद्याच्या सामाजिक दायित्व निधीत वनस्पती आणि प्राण्यांचं रक्षण हा विषय बसतो. ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, 2002च्या कायद्यान्वये. तुमच्या गावची समिती बहुधा कागदावरच असेल, तरी तिच्या बैठकीचा ठराव आणि लोकजैवविविधता नोंदवहीतलं, म्हणजे गावातल्या जीवजातींच्या नोंदवहीतलं, तुमच्या प्रजातीचं पान अर्जाला जोडलंत तर अर्जाचं वजन वाढतं. मच्छीमारांमध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक योजना ध्यानात ठेवावी. जाळ्यात सापडलेलं कासव, देवमासा किंवा दुसरा संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर राज्य शासन जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत देतं. ही योजना 2018पासून आहे. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. तेवढं बंदराबंदरावर जाऊन समजावून सांगणं हासुद्धा एका छोट्या अनुदानाचा उत्तम विषय आहे.

परवानग्यांचं सांगते. खवल्या मांजर, कासव, धनेश यांना हात लावायचा, पकडायचं किंवा खूण करायची तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. अर्ज विभागीय कार्यालयातून पुढे जातो: रत्नागिरी जिल्ह्यासाठी चिपळूण, सिंधुदुर्गासाठी सावंतवाडी. याला वेळ लागतो, तो आराखड्यात धरा. आपल्याकडची बहुतेक रानं आणि सडे मात्र खासगी मालकीचे, त्यामुळे खरी संमती मालकांची. आणि मालक म्हणजे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. एकेकाला फोन करत बसू नका. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात, तेव्हा वाडीत जा. आधी मानकऱ्यांना भेटा, फुलांचे फोटो दाखवा, चहा घ्या, मग सहीचा कागद काढा. लोकांना जमीन जाईल अशी भीती असते. ‘या कागदाने तुमच्या मालकीला काहीही बाध येत नाही’ हे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात, सहीच्या वरच लिहा.

अंदाजपत्रकात लोक उगाच मोठ्या वस्तू घालतात. लॅपटॉप, ड्रोन. त्यांची गरज नसेल तर काढून टाका. ‘स्थानिक मदतनीस, 40 दिवस, दिवसाला 600 रुपये’ ही ओळ मला जास्त मोलाची वाटते, कारण सड्यावर कुठे काय उगवतं हे त्या गुराख्यालाच ठाऊक असतं आणि त्याच्या ज्ञानाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पेट्रोल, एसटीभाडं, रेनकोट, पाण्यात न भिजणाऱ्या वह्या, गावातल्या बैठकीचा खर्च हे सगळं वेगवेगळ्या ओळींत मांडा. पौंडाचा किंवा डॉलरचा भाव खालीवर होतो आणि बँकही काही कापते, त्यासाठी थोडी जागा सोडा. पावती न मिळणाऱ्या खर्चाला त्याच दिवशी हातपावती करून सही घ्या.

अर्ज आधी मराठीत लिहा. विचार साफ झाला की इंग्रजी करून द्यायला कॉलेजातले सर-मॅडम सापडतात. वेळापत्रकही इथल्या पावसाप्रमाणे आखा. निर्णय यायला महिने जातात, म्हणून मिरगाला सड्यावर हजर राहायचं असेल तर आधीच्या दिवाळीपर्यंत अर्ज गेलेला बरा. कासवांच्या कामाचं गणित वेगळं, त्यांचा विणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, ते काम गावच्या माणसांनी रात्री किनाऱ्यावर गस्त घालून उभं केलं. अशा कामाचा अर्ज असेल तर हंगामाआधीच घरट्यांच्या कुंपणासाठी जाळी आणि बांबू हातात हवेत.

अहवाल लिहिताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. हे अहवाल जगाला वाचायला खुले राहतात, आणि ते वाचणाऱ्यांत खवल्यांसाठी खवल्या मांजर मारणारे किंवा दिपकाडीसारख्या वनस्पतींचे कांदे उपटून विकणारे असू शकतात. नेमकी जागा त्यात देऊ नका. तालुक्याचं नाव आणि ठोकळ नकाशा पुरे. अक्षांश-रेखांशाची यादी फक्त संस्थेच्या दप्तरी राहू द्या.

पहिल्या कामाचा अहवाल मान्य झाल्यावरच रफर्डकडे दुसऱ्या टप्प्याचं अनुदान मागता येतं. त्यामुळे दसरा झाला की लिहायला बसा, फुलांच्या नोंदी तेव्हा ताज्या असतात. त्याचं दोन पानी मराठी रूप गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत द्या. ग्रामसभेने सड्याबाबत काही ठराव केला, तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल दुसऱ्या अर्जाला पहिली जोडा.